तसं दिसत तर नाही!

रविवारी सकाळी सिंहगडावर निघालेल्या पुणेकराला तानाजी मालुसऱ्यांबद्दल आदर असतो, पिठलं-भाकरीबद्दल ओढ असते, मटक्यातल्या दह्याबद्दल तर भक्तीच असते; पण खरा जीव अडकलेला असतो मिनिटांत. आतकरवाडीच्या पायवाटेनं साधारण सहाशे मीटरची चढण आहे. ती संपवून पुणे दरवाजात पोचलेला माणूस पाण्याच्या बाटलीआधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो आणि शेजारी धापा टाकत बसलेल्या अनोळखी इसमाला विचारतो, "किती?"

"सत्तर."

"अच्छा. पहिल्यांदाच आलात का?"

इतक्या सभ्य शब्दांत समोरच्याची लायकी काढण्याची सोय आमच्याच गावात आहे.

तर हा गड मला चढायचा होता. जीपनं वर जायचं, वाहनतळावर उतरायचं, कांदाभजी खायची आणि परत यायचं, याचा अनुभव दांडगा आहे. मला पायवाटेनं जायचं होतं, मिनिटं कितीही लागोत. वय सत्तेचाळीस, नोकरी सहकारी बँकेतली म्हणजे बैठी, इथवर ठीक होतं. पण सांधे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे.

हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत समोरच्याचा रस संपतो, म्हणून मी 'आमवात' म्हणते. त्यानं रस परत येतो, पण भलत्या दिशेनं. "वात? या वयात? माझ्या आजेसासूबाईंना होता." आजेसासूबाईंचा बहुतेक झिजेचा असणार, वयोमानानं सांध्यांतली कूर्चा झिजते तो. हा वेगळा. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. सोसायटीनं पगार देऊन ठेवलेल्या वॉचमननं चोरांना सलाम ठोकावा आणि सभासदांना जिन्यात गाठून बदडावं, तसं. तो कुठल्याही वयात येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो. वॉचमनला सुद्धा बायकाच सापडतात.

त्याची वेळही मोठी सोयीची आहे. सकाळी उठताना बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. झिजेच्या वातात हा आखडलेपणा अर्ध्या तासात जातो. आमच्यात तासभर तरी मुक्काम असतो. त्या तासात मी दुधाची पिशवी दातांनी फोडलेली आहे, चहाच्या बरणीचं झाकण दाराच्या फटीत अडकवून फिरवलेलं आहे. पण या प्रसंगांना साक्षीदार नसतात. साडेदहाला बँकेत पोचेपर्यंत बोटं वळलेली, साडी नीट, कपाळावर टिकली. मग रजेचा अर्ज बघून साहेब म्हणतात, "मॅडम, तसं दिसत तर नाही!"

हे वाक्य शाबासकी म्हणून घ्यावं की आरोप म्हणून, ते इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. आजार दिसत असता तर निदान बसमध्ये जागा मिळाली असती.

उपाय मात्र आजार न दिसताही मिळतात. महानारायण तेल, निर्गुडीचा शेक, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, बटाटा बंद, टोमॅटो बंद, आंबट बंद, गहू बंद. सगळ्या हितचिंतकांचं एकाच वेळी ऐकलं तर मेथी आणि डिंक एवढंच खाद्य उरतं. आमच्या सासूबाईंचा विश्वास तुपावर आहे. त्यांच्या मते सांध्यांत वंगण कमी पडतं, म्हणून करकर होते. वंगण घातल्यानं माझं वजन वाढलं आणि ते सांध्यांनाच पेलावं लागलं, हा भाग त्यांना अजून पटलेला नाही. शिवाय जून महिना लागला की सोसायटीतले लोक माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात ती निराळ्याच कारणानं: "काय म्हणतायत? पाऊस येणार का शनिवारी?" हवामान खात्याचं मोठं कार्यालय शिवाजीनगरला आहे, आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. पण पुणेकराचा सरकारी अंदाजापेक्षा शेजारणीच्या गुडघ्यावर भरवसा जास्त.

गोळीची कथा आणखी वेगळी. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर वार ठरवून कागदावर गोल करून देतात. आमच्या घरी याचा अर्थ असा लावला गेला की आठवड्याला एकच गोळी, म्हणजे आजारही तेवढाच. मधुमेहवाल्या आत्या दिवसाला चार घेतात, त्यांचा मान मोठा. पुढे धाकट्या दिरांनी गोळीचं नाव इंटरनेटवर टाकलं आणि रात्री दहाला फोन केला, "वहिनी, काही लपवत नाही ना आमच्यापासून?" ही गोळी मोठ्या मात्रेत कॅन्सरवर देतात, आमच्यात मात्रा अगदी थोडी असते, हे त्यांना समजावता समजावता साडेअकरा वाजले. त्या रात्रीपुरता माझा मान आत्यांच्या वर गेला होता.

गोळीचा वार बुधवार. गुरुवारी मळमळतं, जेवण नको वाटतं. मी डबा उघडत नाही हे बघून बँकेतल्या मैत्रिणींनी परस्पर ठरवलं की मी दत्ताचा उपास धरते. दर गुरुवारी कुणी ना कुणी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणतं, तीही तूप सोडून. खरं सांगावं तर खिचडी बंद होईल, न सांगावं तर दत्तगुरूंची फसवणूक. शिवाय उपासाला 'तसं दिसत तर नाही' असं कुणी म्हणत नाही. मी खिचडी घरी नेते. नवऱ्याला आवडते.

गड चढायचा म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, वातात आराम हवा, आहेत ते पाय जपून वापर. दुसरा म्हणे, सगळं मनावर असतं, मनावर घे. पहिल्या पक्षाला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण एके काळी डॉक्टरसुद्धा तेच सांगायचे. सांधे सुजले की रुग्णाला आठवडेच्या आठवडे बिछान्यात ठेवायचे. मग हळूहळू उलटं दिसत गेलं. २००३ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात याच आजाराच्या तीनशेवर रुग्णांतल्या निम्म्यांकडून दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, चांगला घाम निघेल असा व्यायाम करून घेतला होता. सायकल, कसरती, शेवटी खेळ. त्यांची हालचाल सुधारली; आणि ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते असे काही वगळले तर सांध्यांचं नुकसान काही वाढलं नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते लोक लोणी खातात गं. वंगण असतं त्यांना."

दुसऱ्या पक्षाचे नेते आमच्या सोसायटीतले एक काका. वय बहात्तर, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज, रविवारी सिंहगड, आणि आजार हा शब्द त्यांना आळस या शब्दाचा लाडका धाकटा भाऊ वाटतो. ते म्हणाले, "अहो, १६७० साली माघातल्या काळोख्या रात्री मावळे दोर लावून कडा चढले. तुम्हाला पायवाट आहे, लिंबू-सरबत आहे!" मावळ्यांचं ईएसआर, म्हणजे रक्तातलं सुजेचं माप, किती होतं, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण काकांनी ते शोधून काढलं असतं.

मी दोन्ही पक्ष सोडून फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला गडावर नव्हे, खुर्चीवर बसवलं. "काकू, हात न टेकता उठा. आता बसा. पुन्हा उठा." सिंहगडाची तयारी खुर्चीपासून सुरू होते, हे इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं. तिचा एक नियम मला फार आवडला: व्यायाम झाल्यावर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर व्यायाम जास्त झाला, पुढच्या वेळी कमी करायचा; थांबवायचा नाही. दुखण्याला असं घड्याळ लावता येतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे दुखणं एक तर 'काही नाही गं' असतं, नाही तर 'ॲम्ब्युलन्स बोलव' असतं.

आणि तिनंच मला खऱ्या शत्रूची ओळख करून दिली. वाईट दिवस हा शत्रू नाही; त्या दिवशी माणूस गपगुमान पडून राहतो. बरा दिवस घात करतो. महिन्यातून अधूनमधून एखादी सकाळ अशी उगवते की बोटं चटकन मिटतात, पाऊल टेकताना तळव्यात खडे टोचत नाहीत, आणि आपण मुळात आजारी नव्हतोच असा साक्षात्कार होतो. मग बाई काय करते? गडावर जाते? छे. पडदे धुते. माळा आवरते. पंखे पुसते. राहून गेलेल्या सगळ्या कामांची वसुली त्या एका दिवसातून होते आणि पुढचे चार दिवस दंड भरावा लागतो. याला जागतिक इतिहासात दाखला आहे. १९४८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमच्याच आजाराच्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं. तिला बिछान्यातून उठणं मुश्कील होतं. आठवडाभरात ती उठून चालायला लागली, आणि गेली कुठे? बाजारात, खरेदीला, चांगली तीन तास. १९५० साली त्या संशोधनाला नोबेल मिळालं. कॉर्टिझोन जास्त दिवस घेतलं की तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात वगैरे मागाहून कळलं. पण त्या बाईशी माझं नातं तिथेच जुळलं. ती पुण्यात असती तर तुळशीबागेतून तिला बाहेर काढायला आणखी तीन तास लागले असते.

मुलानं वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिलं, पावलं मोजणारं. या यंत्राची श्रद्धा १०,००० पावलांवर आहे. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५च्या सुमारास एका जपानी कंपनीनं चालणं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो होता. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास आला, तेव्हा दिसलं की आयुष्य वाढण्याचा फायदा ७,५०० पावलांच्या आसपासच थांबतो. माझ्या घड्याळाला हे कुणी कळवलेलं नाही. पहाटे मी बोटं सोडवत पडलेली असताना ते थरथरून सांगतं, उठा, हला. ज्या दिवशी मनगट सुजतं त्या दिवशी पट्टा बसत नाही, म्हणून घड्याळ काढून ठेवावं लागतं; रात्री ते कळवतं की आज आपण काहीच केलं नाही. याउलट एकदा चकल्यांच्या भाजणीसाठी धान्य पाखडलं तर त्यानं सूप हलवण्याचीसुद्धा पावलं धरली आणि माझं अभिनंदन केलं. असा साहेब बँकेतही आहे, त्यामुळे मला सवय आहे.

गड चढायच्या आधी डॉक्टरांची परवानगी घ्यायला गेले. आमच्या आजाराचा जोर मोजायला एक हिशेब असतो. डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे, असे एकूण २८. कुठे दुखतं, कुठे सूज आहे, ते लिहितात; त्यात रक्तातला एक आकडा घालतात; आणि शेवटी रुग्णालाच विचारतात, "शून्य ते शंभर, किती वाटतं?" हा प्रश्न पुण्यात विचारण्यात अर्थ नाही. शून्य म्हणालं तर डॉक्टर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत अशी भीती, आणि शंभर म्हणायला आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतली आत्या आड येते. मी नेहमी चाळीस म्हणते. चाळीस हा सभ्य आकडा आहे.

त्या दिवशी हिशेब झकास आला. आजार जवळजवळ झोपलेला. मी म्हटलं, "डॉक्टर, पण सगळं दुखतं ते पावलात." ते हसले. त्या २८ सांध्यांत घोटा नाही आणि पाऊलही नाही. म्हणजे जगभरात ज्या मापानं आमचा आजार मोजतात, त्या मापाच्या दृष्टीनं माणूस गुडघ्याखाली संपतो. घोट्यापर्यंतच्या साडीत आमची पावलं दिसत नाहीत हे ठाऊक होतं, विज्ञानालाही दिसत नाहीत हे नवीन होतं. डॉक्टर मात्र भले, हिशेबात नसली तरी त्यांनी माझी पावलं वेगळी तपासली, बोटांशी रुंद असणारे बूट घ्यायला सांगितले आणि म्हणाले, "चढा. उतरताना जपा, उतार वाईट."

मग पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या, पेशव्यांच्या हत्तींच्या सोयीनं बांधल्या असाव्यात असं वाटायला लावणाऱ्या. तिथे मला कळलं की आपण कुठल्याच जातीत बसत नाही. पायऱ्यांच्या कठड्यावर बसलेल्या गुडघेवाल्या बायकांच्या मंडळात मी जाऊन टेकले, तर दोन मिनिटांत त्यांना पत्ता लागला की ही वरपर्यंत जाऊन आलेली आहे. गप्पा थांबल्या. "तुमचं काही फार नाही मग," एकीनं निकाल दिला. उलट धावत चढणाऱ्या तरुण मंडळींच्या मागून मी कठडा धरून चढायला लागले की ती अदबीनं बाजूला होतात आणि म्हणतात, "काकू, सावकाश, घाई नाही." आजाऱ्यांत मी धडधाकट, धडधाकटांत मी आजारी. एका पंगतीत पान मांडलं तर वाढपी दुसऱ्या पंगतीकडे बोट दाखवतो.

पुढे एका डिसेंबरातल्या रविवारी, गोळीपासून पुरेशी लांब आणि बऱ्या दिवसाच्या जरा अलीकडची अशी सकाळ गाठून, आम्ही आतकरवाडीतून निघालो. नवरा सोबत होता. त्याच्याकडे पाणी, केळी आणि काळजी. वाटेत थांबायला मला कारण लागत नाही, पण पुणेकरांना लागतं, म्हणून मी प्रत्येक थांब्याला एक विक्रेता नेमला: सरबत, काकडी, ताक, पुन्हा सरबत. ताकवाल्या मावशी रोज डोक्यावर हंडा घेऊन हाच चढ चढतात. माझं बूट सोडून पाय चोळणं त्यांनी बघितलं आणि विचारलं, "वात हाय काय?" सहाशे मीटरच्या चढणीत मला न सांगता निदान करणारी ती पहिली व्यक्ती. गळ्याशी आवंढा आला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बिब्बा उतवून लावा, फोड येतो, पण वात जातो." गहिवर तिथेच उतरला आणि मी पुढे निघाले.

अर्ध्या वाटेच्या वर सोसायटीतले काका भेटले. ते वर जाऊन खाली येत होते. "सकाळपासून चढताय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तीन वर्षांपासून." काकांना हे मिनिटांत कसं धरावं ते कळेना. ते पहिल्यांदाच उत्तर न देता खाली गेले.

वर पोचले. पिठलं-भाकरी खाल्ली, दही खाल्लं, आंबट बंद असताना खाल्लं. उतरताना वाहनतळावरून जीप केली. जीपमध्ये शेजारी बसलेला एक बुजुर्ग गडकरी माझ्या बुटांवरची माती बघून म्हणाला, "चढून आलात? मग उतरायला जीप? नाही, मग तो चढ धरत नाहीत." कोण धरत नाहीत, कुठल्या वहीत धरत नाहीत, हे विचारलं नाही. दोन तासांनी पावलं जास्त दुखत होती. फिजिओच्या नियमानं व्यायाम जास्त झाला होता.

मुलानं माझा पुणे दरवाजातला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. सासूबाईंनी तुपाला दिलं. आत्यांनी मेथीच्या लाडवांना. चुलत जावेनं कळवलं की तिनं सांगितल्याप्रमाणे मी गहू सोडला, त्याचा हा परिणाम. मी भाकरी खाताना फोटोत दिसत होते, हा पुरावा. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'मनावर घेतलं की होतं' असं लिहून तलवारीचं चित्र टाकलं. बँकेतल्या मैत्रिणींनी दत्तगुरूंची कृपा म्हटलं. मेथोट्रेक्सेटचं नाव कुणी घेतलं नाही. खुर्चीचं तर नाहीच.

सगळ्यात शेवटी मोठ्या वन्संचा संदेश आला. गेल्या दिवाळीत मनगटांमुळे मी चकल्या पाडायला गेले नव्हते, ते त्या विसरलेल्या नव्हत्या. "वा! आता एकदम बरी झालीस ना? लग्नघरच्या फराळाला पुढच्या आठवड्यात ये. गड चढलीस, आता सोऱ्या फिरवायला काय हरकत आहे?"

गड पायांनी चढतात आणि सोऱ्या मनगटानं फिरतो, हे लिहायला घेतलं आणि खोडलं. मग लिहिलं, "वन्सं, सोऱ्या गडावर पाठवा. तिथे पोचला की फिरवते."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर काही अजून आलेलं नाही, पण भाजणी दळून झाल्याचं सासूबाईंकडून कळलं आहे.